आणणाऱ्याचं नाव

परवा धाकटीला ताप आला म्हणून तिला आमच्याच दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेलो. टेबलाशी नवीन सिस्टर होती. स्क्रीनवरची नजर न काढता तिनं विचारलं, "काय त्रास?" मी म्हटलं, "शेजारच्या गजूच्या स्कूटीवर आणलं." तेव्हा तिनं मान वर केली आणि पेशंट नेमका कोणता, अशा नजरेनं आळीपाळीनं आम्हा दोघांकडे पाहिलं. धाकटी तापातही हसली.

ही सवय मला नसीमबाईंनी लावली. त्यांच्याबद्दल घरी इतक्यांदा सांगून झालंय की मी "नसीमबाई एकदा" म्हटलं की थोरली उठून पाणी प्यायला जाते आणि बायको टीव्हीचा आवाज वाढवते. म्हणून आता लिहून ठेवतो. कागदाला टीव्ही लावता येत नाही.

आमचा दवाखाना राजुऱ्याच्या पलीकडे, तेलंगणाच्या अंगाला. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर आमचे तेव्हाचे साहेब ओळखू येतील, आणि ते माणूस म्हणून वाईट नव्हते, फक्त थकलेले होते. एका डॉक्टरनं तीन डॉक्टरांचं काम करायचं म्हटल्यावर दुसरं काय होणार. मी तिथं डेटा एन्ट्री ऑपरेटर. कंत्राटी. चौदा वर्षांपासून तात्पुरता. कॅज्युअल्टीत दिवसभर आलेले पेशंट चार वाजेपर्यंत पोर्टलवर चढवायचे, हे माझं काम. कुठल्या गावातून एकाच लक्षणाचे जास्त पेशंट यायला लागले की पोर्टलच्या नकाशावर त्या गावावर लाल ठिपका उमटतो. ठिपका उमटला की चोवीस तासांत पथक त्या गावात गेलंच पाहिजे, असा नियम. म्हणजे साथ पसरायच्या आत ती कळावी, यासाठी ही सगळी व्यवस्था. ट्रेनिंगमध्ये हे ऐकून मी घरी येऊन सांगितलं होतं की जिल्ह्याचं आरोग्य आता माझ्या बोटांवर आहे. बायको म्हणाली, आधी त्याच बोटांनी लसूण सोलून द्या.

नसीमबाई कॅज्युअल्टीच्या इन्चार्ज सिस्टर. ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. ड्यूटीवर आल्या आल्या खुर्चीत बसायच्या आणि म्हणायच्या, "थकली बापा मी." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हटलं, "बाई, आत्ताच तर आलात." त्या म्हणाल्या, "आताच म्हणून घेते. घरी जाताना म्हणाले टाइम भेटत नाई."

त्यांचं रजिस्टर ही बघण्यासारखी वस्तू होती. पेन सलाईनच्या नळीच्या तुकड्यानं रजिस्टरला बांधलेलं, कारण डॉक्टर लोक पेन नेतात आणि विसरतात. तक्रारीच्या रकान्यात पेशंट जे बोलला तेच लिहायचं, शब्द बदलायचा नाही. "डोक्यात गिरणी सुरू आहे." "भाकर पाहून मळमळते, पोरं पाहून राग येते." "अंगातून जीव पायाकडं उतरून राह्यला." हे सगळं माझ्यापुढं यायचं आणि माझ्या पोर्टलवर पर्याय पाच: ताप, जुलाब, श्वास, इजा, इतर. पायाकडं उतरणारा जीव मी कुठं बसवणार? मी सगळं 'इतर'मध्ये ढकलायचो. वर्षभरानं साहेबांना वरून पत्र आलं, की आपल्या रुग्णालयात 'इतर' या आजाराचं प्रमाण चिंताजनक आहे, कारणमीमांसा कळवावी.

मी ते पत्र घेऊन बाईंकडे गेलो. म्हटलं, "बाई, नुसतं 'ताप' लिहीत जा ना. माझी नोकरी जाईल."

"काऊन जाईल? तू परमनंट कुठी आहे?"

"म्हणूनच जाईल."

"हे पाय, कम्प्युटरभाऊ," त्या म्हणाल्या. मला त्या कायम कम्प्युटरभाऊच म्हणायच्या, माझं नाव त्यांना बहुतेक माहीतच नव्हतं. "ताप हा डाक्टरचा शब्द आहे. पेशंटनं काय म्हटलं हे एकडाव खोडलं, का मंग कोणालेच सापडत नाई."

आणि त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे शेवटचा रकाना. आणणाऱ्याचं नाव. तो रकाना खरं तर पोलिसांच्या केसेससाठी असतो. अपघात, मारामारी, विषबाधा असेल तर जखमीला कोणी आणलं ते लिहायचं. बाकी पेशंटांपुढे सगळीकडे तो रिकामा राहतो किंवा 'नातेवाईक' लिहून मोकळे होतात. बाई प्रत्येकाला विचारायच्या. विंचू चावून तडफडणारा माणूस असो, आधी "कोणी आणलं? कोणत्या गाडीनं?" मग इंजेक्शन. एका हातानं लिहिणं आणि दुसऱ्या हातानं दंड चोळणं एकाच वेळी चालायचं, त्यामुळं उशीर असा व्हायचा नाही.

याचं मूळ त्यांच्या अब्बांत होतं. अब्बा राजुऱ्याच्या स्टँडवर काळी-पिवळीचे नंबर लावायचे. कोणती जीप आधी भरायची, कोणती मागं लावायची, कोणत्या गावाची हाळी द्यायची, हे सगळं त्यांच्याकडे. बाकीची पोरं पाढे पाठ करत होती तेव्हा नसीमबाई रस्ते पाठ करत होत्या. तालुक्यातली एकूण एक जीप, तिचा ड्रायव्हर आणि त्याच्या सासुरवाडीचं गाव त्यांना माहीत. त्या म्हणायच्या, "माणूस गावात राह्यते, पण बिमारी गाडीत बसून येते." हे वाक्य मी एकदा साहेबांपुढं माझं म्हणून टाकून दिलं होतं. साहेब म्हणाले, "चांगलं आहे, कोणाचं?"

आता या जीपवाल्या शास्त्राचा एकदा फजितवाडा झाला, तोही सांगितला पाहिजे. नाही तर बाईंचा पुतळा उभारतोय असं वाटेल.

बाजाराचा दिवस होता. दुपारी तीन गावांतले आठ-नऊ जण डोकं धरून, ओकत कॅज्युअल्टीत आले. बाईंनी रकाना पाहिला. सगळे मधूच्या जीपमधून आलेले. मधू म्हणजे बाईंच्या अब्बांच्या हाताखाली तयार झालेला ड्रायव्हर, बाईंना आपा म्हणणारा. बाईंनी निष्कर्ष काढला, की हे सगळे बाजारात एकाच ठिकाणी काहीतरी खाऊन आले. साहेबांना सांगितलं. पथक आलं. बाजारातल्या हातपंपाचं पाणी बाटल्यांत भरलं, भजेवाल्या किसनची कढई तेलासकट उचलली, त्याची गाडी बंद केली. दोन दिवसांनी उलगडा झाला. मधूच्या जीपचा सायलेन्सर सडला होता आणि सगळा धूर फळीच्या फटीतून आत बसलेल्यांच्या नाकात जात होता. मधूला काही झालं नाही, कारण तो सवयीनं डोकं बाहेर काढून गाडी चालवायचा.

झालं. बाईंचं नाव सायलेन्सर सिस्टर पडलं. वॉर्डबॉयपासून साहेबांपर्यंत सगळे म्हणायचे. मीही म्हटलं आहे, खोटं कशाला बोलू. बाईंनी कोणाला उलट उत्तर दिलं नाही. पुढच्या बाजारी मात्र ड्रेसवरच त्या किसनच्या गाडीवर गेल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा उभ्या राहून प्लेटभर भजी खाल्ली. असे लागोपाठ चार बाजार. त्यांना ॲसिडिटीचा भयंकर त्रास. संध्याकाळी टेबलावर डोकं ठेवून बसायच्या. मी म्हटलं, "बाई, माफी मागितली असती तरी चाललं असतं."

"माफीनं त्याचं गिऱ्हाईक वापस येत नाई," त्या म्हणाल्या. "मी खाऊन मेली नाई हे दिसायले पाह्यजे लोकायले."

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. आमच्याकडची निम्मी गावं त्या दिवसांत तेलंगणात मिरची तोडायला जातात. नदीपलीकडं शेतातच पालं ठोकून महिना-दीड महिना राहायचं. त्या आठवड्यात मला शिंका सुरू झाल्या. रजिस्टर घेऊन बसलो की शिंका. मला वाटलं सर्दी, म्हणून दोन दिवस गोळ्या खाल्ल्या. बाईंना तिसऱ्या शिंकेला कळलं. "ही मिरची आहे," त्या म्हणाल्या. "पेशंटच्या लुगड्यातून येऊन राह्यली."

सोमवारपासून बुधवारपर्यंत पाच पेशंट आले होते. पाचही जणांना उलटी-संडास, डोळे खोल गेलेले, हात मिरचीनं लाल. पाच जण, पाच गावं. आधार कार्डावर जे गाव तेच मी भरणार. एका गावात एकच पेशंट, त्यामुळं नकाशा स्वच्छ, ठिपका नाही. पण बाईंच्या शेवटच्या रकान्यात पाचही ओळींपुढं एकच नाव होतं. मधू.

पाचवी होती सुमन. पंचविशीची बाई. सलाईन चढल्यावर तिला बोलता यायला लागलं. बाई तिच्याजवळ स्टूल घेऊन बसल्या.

"पाणी कुठचं पेत होते तुमी?"

"नाल्यातल्या झिऱ्याचं. वाळू उकरून काढतो ना, ते."

"अजून किती जण आहेत तिथी बिमार?"

"लय आहेत. माझी सासू पण. पालात पडून आहे."

"मंग तिले काऊन नाई आणलं?"

सुमननं तोंड फिरवलं. "मुकादम म्हणे, ज्यायले बसता येते त्यायलेच गाडीत टाका. सासूले बसता येत नव्हतं."

म्हणजे आमच्यापर्यंत जे येत होते, ते त्यातल्या त्यात धडधाकट होते. बाईंनी ओआरएसच्या पुड्यांचा अख्खा खोका मधूच्या जीपमध्ये टाकून त्याला पालांकडं पाठवलं आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी मागं रजिस्टर धरून.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सिस्टर, गाडी कोणाची म्हणालात?"

"मधूची."

"तीच ना? सायलेन्सरवाली?"

"साहेब, सायलेन्सरनं उलटी होते. संडास नाई होत."

साहेबांना हसू आलं, पण ते थकलेलं हसू होतं. "मी नाही कुठं म्हणतो? पण ते दुसरं राज्य. फोन करून कळवतो त्यांना. पथक मागायचं तर वरचे विचारतील, ठिपका कुठंय? गेल्या वेळी त्या कढईपायी मला किती ऐकून घ्यावं लागलं, माहीत आहे ना तुम्हाला?"

त्यांनी फोन खरंच केला. पलीकडून कोणीतरी तेलुगूत बराच वेळ बोललं. साहेब "ओके, ओके" म्हणाले. काय ओके ते कोणालाच कळलं नाही.

बाई माझ्या खोलीत आल्या. "कम्प्युटरभाऊ, हे पाचही जण एका गावात टाक."

"कोणत्या?"

"नदीकाठच्या. आपल्या यादीतलं शेवटचं गाव जे आहे ते."

"पण बाई, तिथं कोणीच आजारी नाही."

"मले माहीत आहे. पण तुझ्या यादीत पालं कुठी आहेत? पालायचं गाव दाखव, त्यातच टाकते."

यादीत आमच्या तालुक्याचीच गावं होती. नदीपलीकडचं शेत त्यात असायचं काही कारण नव्हतं. मी स्क्रीनकडं पाहत राहिलो. मार्चअखेर माझं कंत्राट संपत होतं, ते दर मार्चअखेर संपतं. थोरलीची दहावी होती. मी म्हटलं, "उद्या साहेबांना विचारून टाकतो."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "सरक."

मी सरकलो. प्रत्येक सिस्टरला पोर्टलचा आयडी दिलेला होता, कोणी कधी वापरलेला नव्हता. बाईंनी आपला आयडी उघडला आणि एका बोटानं टाइप करायला बसल्या. पाच पेशंटांना त्यांना पाऊण तास लागला. मध्ये एकदा विचारलं, "'क्ष' कुठी आहे?" मी दाखवला. त्या कामातला माझा वाटा एवढाच. चार वाजायला थोडा वेळ असताना नदीकाठच्या त्या गावावर लाल ठिपका उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पथक गेलं. गावातले लोक भडकले. "आमच्या गावात कोणाले शिंक नाई आली, अन् तुमी साथ म्हणता?" पथकातले डॉक्टर परत फिरणार, इतक्यात पारापाशी जीप लावून उभा असलेला मधू पुढं झाला. आपानं त्याला सकाळपासून तिथंच उभं राहायला सांगितलं होतं. "पेशंट पुढं आहेत साहेब. माझ्या मागं या," म्हणाला. हे मला मधूनंच नंतर सांगितलं. मधू कमी बोलतो, म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

पालांत माणसं एकाला लागून एक पडलेली होती. ज्यांना बसता येत नव्हतं ती. दुपारपर्यंत दोन ॲम्ब्युलन्स आणि मधूची जीप अशा खेपा झाल्या. कॅज्युअल्टीत खाटा संपल्या, व्हरांड्यात सतरंज्या पडल्या, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगल्या. सगळा दवाखाना शिंकत होता. साहेब त्या दिवशी जेवले नाहीत, हेही लिहिलं पाहिजे. आणलेले सगळे जगले.

सुमनची सासू त्यात नव्हती. ती आदल्या संध्याकाळीच पालात वारली होती. मधूचा ओआरएसचा खोका पोचला तेव्हा तिला गिळता येत नव्हतं.

सुमनला हे बाईंनीच सांगितलं. काय शब्दांत ते मला माहीत नाही, मी व्हरांड्यात डोकी मोजत होतो, म्हणजे आलेल्यांच्या नोंदी करत होतो. थोड्या वेळानं बाई टेबलाशी आल्या आणि रजिस्टर ओढलं. कॅज्युअल्टी रजिस्टरमध्ये दारातून आत आलेल्याचीच नोंद होते. ती आली नव्हती. बाईंनी तिचं नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, "बसता येत नव्हतं." शेवटच्या रकान्याशी हात थांबला. मग लिहिलं, "कोणी नाही."

"सोमवारी टाकायले पाह्यजे होतं," त्या म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी. दोन नावं झाली होती तवाच." माझ्याकडं पाहिलं नाही. त्यांनी पुढं कधीही मला त्या बुधवारच्या दुपारबद्दल एक शब्द बोलून दाखवला नाही. माझ्या बायकोनं दाखवला. तो हक्क तिचा आहे.

पुढचं सगळं कागदोपत्री झालं. मोठ्या मीटिंगमध्ये आमच्या दवाखान्याचं उदाहरण दाखवलं गेलं, की पोर्टलमुळं साथ वेळेत ओळखता येते. पडद्यावर नदीकाठचं गाव आणि त्यावर लाल ठिपका. ते सादरीकरण मीच तयार केलं होतं. मला प्रशस्तिपत्र मिळालं आणि कंत्राट वाढलं. त्याच महिन्यात बाईंना कारणे दाखवा नोटीस आली. दोन मुद्दे: पेशंटांचं गाव खोटं नोंदवलं, आणि रुग्णालयात न आलेल्या व्यक्तीची रजिस्टरला नोंद केली. साहेबांनी त्यांना बसवून सांगितलं, "सिस्टर, 'घाईत चूक झाली' एवढं लिहा, मी सांभाळून घेतो." बाईंनी लिहिलं, "दोन्ही मुद्दे बरोबर आहेत." खाली सही.

त्यांची बदली गडचिरोलीत झाली, एटापल्लीच्याही आत. निरोपाचा कार्यक्रम त्यांनी होऊ दिला नाही. मधूच्या जीपमध्ये पत्र्याची पेटी टाकली, मला म्हणाल्या, "चल कम्प्युटरभाऊ. थकली बापा मी." या वेळी ते ड्यूटीच्या सुरुवातीला नव्हतं.

वर्षभरानं पोर्टलची नवीन आवृत्ती आली आणि ती बसवून द्यायला मला त्या बाजूला पाठवलं. सूरजागडच्या रस्त्यानं लोहखनिजाचे ट्रक एकामागं एक, त्यांच्या लाल धुळीत आमची गाडी. बाईंचा दवाखाना म्हणजे चार खोल्या. मी पोचलो तेव्हा त्या कॅज्युअल्टीत होत्या. वजन उतरलं होतं. केस पांढरे झाले होते, की आधीपासून होते आणि आमच्याकडं मेंदी मिळायची, कोण जाणे. मला पाहून मान हलवली, बस म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, रकाना चालू आहे का?"

"कायचा रकाना. इथी गाडीच नाई. लोकं खाटेवर आणतात, नाई तं पायी येतात. ड्रायव्हर कोण, तं पुतण्या अन् जवाई. अन् माह्या अब्बानं मले गोंडी नाई शिकवली." त्या हसल्या नाहीत. "सगळं पयल्यापासून करून राह्यली. या उमरीत."

मी आतल्या खोलीत कम्प्युटर लावत बसलो. दार उघडं होतं. एक म्हातारी आली होती, नातवंडाला पाठीशी बांधून. बाईंनी विचारलं, तिथल्या मदतनीस पोरीनं ते गोंडीत विचारलं. म्हातारी बोलायला लागली. हातवारे करून, मागं जंगलाकडं बोट दाखवून, मध्येच थांबून, पुन्हा आठवून. बराच वेळ बोलत होती. मी दोन फाइली चढवल्या तरी चालूच होती. मग ती गप्प झाली.

मदतनीस पोरगी म्हणाली, "ताप आहे म्हणते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढून डोळे चोळले, बराच वेळ चोळत राहिल्या.

"एवढं बोलली ते," त्या म्हणाल्या, "अन् तू मले एकच शब्द देते?"

"बाकीचं असंच होतं, सिस्टर."

"असंच काय होतं?"

बाहेरून ट्रक जात होते. बाईंनी स्टूल पुढं ओढलं, म्हातारीच्या अगदी गुडघ्यापाशी, आणि तिचा हात हातात घेतला.

"पुन्हा विचार," त्या म्हणाल्या. "सावकाश. मले जायचं कुठी आहे."